बसून म्हातारी झालेली चाकं

मास्तर बायकोला, म्हणजे घरच्या धाकट्या लेकीला, घेऊन सासुरवाडीला राहायला आले, त्या दिवशी थोरलीला आपली खोली रिकामी करून द्यावी लागली. खोली काही मोठी नव्हती, पण तिची खिडकी आवाराकडे उघडायची. फाटक, पत्र्याची शेड आणि शेडबाहेर रांगेत उभी असलेली तेवीस यंत्रं तिथून एका नजरेत दिसायची.

"त्या दोघांना तीच बरी पडेल," बाबा म्हणाले. "तुझं काय, तू एकटी. मागच्या खोलीत भागेल तुझं."

थोरलीने गादी गुंडाळली, कपडे उचलले आणि ती मागच्या खोलीत गेली. संध्याकाळी हात धुवायला मोरीत गेली, तर तिच्या खुंटीवर मास्तरांचा पंचा वाळत होता. तिने तो काढून बादलीच्या कडेवर टाकला. मग कुणी पाहील म्हणून परत खुंटीवर लावला.

बाबांचा धंदा यंत्रं भाड्याने द्यायचा. जीपच्या मागे अडकवून ओढत न्यायची छोटी यंत्रं होती सगळी. हवेचे कॉम्प्रेसर, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, रस्त्याच्या कामावर लागणारे दिव्यांचे खांब, सिमेंट कालवायचे ड्रम, चार उघडे ट्रेलर आणि झाडाच्या फांद्या गिळून भुगा ओकणारं एक दांडगं धूड. आई गेली तेव्हा थोरली तेवीस वर्षांची होती. धाकटीचं शिक्षण मोडायला नको, म्हणून थोरलीने स्वतःचं मोडलं आणि बाबांच्या हाताखाली पाना धरला. त्याला आता वीस वर्षं झाली होती. चालू यंत्राच्या बाजूने नुसती चालत गेली, तरी कुठल्या चाकाचं बेअरिंग कुरकुरतंय हे ती सांगायची. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. बाबांनी मात्र त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. काम बरं झालं की ते "हं" म्हणत. बिघडलं तर मग बरंच काही म्हणत.

मास्तर एका तांत्रिक शाळेत लेथवर लोखंड कातायला शिकवायचे. शाळा बंद पडली, राहतं घर शाळेचंच होतं, तेव्हा दुसरीकडे काही जमेपर्यंत म्हणून ते आले होते. माणूस उंच, किडकिडीत, खिशात कायम एक वही आणि खडू. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते आवारात उतरले.

"जावयाने बसून खावं असं कुठे लिहिलंय?" ते म्हणाले. "मला काहीतरी काम द्या."

"यंत्रं बघा फिरून," बाबा म्हणाले.

मास्तरांनी खरंच बघितली. यंत्रांची इंजिनं सोडून ते चाकांपाशीच उकिडवे बसू लागले. भिंग काढायचे, टायरच्या बाजूवर फुंकर मारायचे, बोटाने काहीतरी चाचपायचे आणि वहीत लिहायचे. तीन दिवस हेच चाललं. थोरली जनरेटरचं तेल बदलता बदलता तिरप्या नजरेने बघत होती. चाकं मोजतोय की त्यांची पत्रिका मांडतोय, असं तिच्या मनात आलं.

चौथ्या दिवशी मास्तरांनी बाबांना बोलावलं. थोरलीही हात पुसत गेली.

"हे चार आकडे दिसतायत?" मास्तर कॉम्प्रेसरच्या टायरवर बोट ठेवून म्हणाले. "पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा. पुढचे दोन म्हणजे साल. टायर कधी बनला, ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. हा अकरा वर्षांचा आहे."

"पण नक्षी तर कोरी आहे त्याची," थोरली म्हणाली.

"तीच तर गंमत आहे, ताई. रोज पळणाऱ्या गाडीचा टायर झिजून गोटा होतो, तेव्हा तो आपोआप कळतो. आपली यंत्रं वर्षातले तीनशे दिवस जागेवर उभी. यांचे टायर झिजत नाहीत, वाळतात. वरून कोरे करकरीत आणि आतून बिस्किट. ही बारीक चीर बघा, हवेच्या तोंडाजवळची. भार पडला, ऊन तापलं, की एक दिवस फाडकन जाणार."

एकंदर चोपन्न चाकं होती. त्यातली चौदा दहा वर्षांवरची निघाली, सात यंत्रांवरची. मास्तरांनी त्या सातही यंत्रांच्या चाकांवर खडूने मोठी फुली मारली. फुली असेल ते यंत्र आवाराबाहेर जाणार नाही, फुली नसेल ते खुशाल न्यावं, असा नियम ठरला. बाबांनी मान डोलावली. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "वीस वर्षं मी या आवारात डोळस माणूस शोधत होतो."

ते सहज म्हणाले. त्यांच्या लक्षातही आलं नसेल की शेजारी कोण उभं आहे. पण थोरलीच्या कानशिलावर कुणी गरम पाना टेकवावा तसं झालं. ती शेडमध्ये गेली आणि सगळे पाने खोक्यातून काढून पुन्हा आकाराने लावत बसली. ते लावलेलेच होते.

दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर ती एकटी आवारात गेली. मास्तरांची एक तरी चूक सापडावी म्हणून तिने चोपन्नच्या चोपन्न चाकं तपासली. एकही सापडली नाही. शेवटी ती फांद्यांच्या धुडापाशी आली. या धुडाचे टायर तिने स्वतः आणले होते, चारच वर्षांपूर्वी. दुकानदाराशी तासभर घासाघीस करून, नवे म्हणून. आणून स्वतःच्या हाताने चढवले होते. ती गुडघ्यावर बसली आणि आकडे वाचले. टायर तेरा वर्षांचे होते. म्हणजे तिने घेतले तेव्हाच ते नऊ वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून म्हातारे झाले होते. दुकानदाराने तिला गंडवलं होतं, आणि ती चार वर्षं त्या सौद्याची फुशारकी मारत होती.

मास्तरांच्या वहीत हे असणारच. कधी घेतले, कुणी घेतले, सगळं बाबांनी सांगितलेलं असणार. तरी मास्तर तिला एका शब्दाने बोलले नव्हते. याचा तिला जास्त राग आला.

पुढचे दिवस असेच गेले. थोरली दर दोन महिन्यांनी टायरना जुनं इंजिन तेल चोळायची. काळे कुळकुळीत दिसायचे. मास्तर म्हणाले, तेलाने रबर फुगतं आणि लवकर कुजतं, साबणाच्या पाण्याने धुतलं की पुरे. थोरली वेल्डिंग शेडच्या कोपऱ्यात करायची. मास्तर म्हणाले, वेल्डिंगच्या ठिणगीने हवेत जे तयार होतं ते रबराला खातं, वेल्डिंगचं यंत्र लांब हलवू या. बरं, सांगायचे ते इतक्या अदबीने की भांडताही येऊ नये. "ताई, तुमचं काय मत?" असं आधी विचारायचे. थोरलीचं मत एकच होतं, की या माणसाने आल्या वाटेने परत जावं.

आणि बाबा! ज्या बाबांना दुपारी झोप लागल्याशिवाय चालत नसे, ते आता चहाचा पेला घेऊन जावयाशेजारी ठोकळ्यावर बसायला लागले. गप्पा मारायचे. हसायचे. बाबांचा पुढचा एक दात पडलाय, हे थोरलीला त्या हसण्यात पहिल्यांदा दिसलं. धाकटी वरच्या खिडकीतून, थोरलीच्याच खिडकीतून, हाक मारायची, "अहो, बाबांना उन्हात नका बसवू!" मग तिघं हसायची. थोरली वाकून कुठलातरी नट पिळत असायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही, असं ती त्या नटाला सांगायची.

तीन आठवड्यांनी वादळ झालं. फार मोठं नव्हे, पण गावभर झाडं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच झाडवाला आला. रस्त्यावर पडलेली झाडं हटवायचं काम घेणारा हे जुनं गिऱ्हाईक. त्याला फांद्यांचं धूड हवं होतं, आत्ताच्या आत्ता. बाबा आणि मास्तर नवे टायर बघायला बाजारात गेले होते.

"ते नाही मिळायचं," थोरली म्हणाली. "फुली आहे त्याच्यावर."

"कसली फुली?"

"टायर म्हातारे झालेत म्हणे."

झाडवाल्याने टायरला लाथ मारली, वाकून नक्षीत बोट घातलं. "अहो ताई, हे तर कालच काढल्यासारखे दिसतायत. तुम्हीच नव्हते का आणले? कोण म्हणतं म्हातारे?"

"आमचे जावईबापू."

"शाळामास्तर ना ते?" झाडवाला मोठ्याने हसला. "आता खडूने यंत्रं चालणार म्हणा की! वीस वर्षं तुमच्या शब्दावर माल नेतोय मी. तुम्ही सांगा, न्यायचं की नाही?"

तुमच्या शब्दावर. किती दिवसांत कुणी असं म्हटलं नव्हतं तिला. तिने नळाखाली फडकं भिजवलं, पिळलं, आणि दोन्ही चाकांवरच्या फुल्या पुसल्या. हवा तपासली, कडी अडकवून दिली, साखळी लावली. "सावकाश न्या," एवढं मात्र म्हणाली.

ते दोन दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. मास्तरांना काय वाटेल यापेक्षा काही झालं तर काय, याने. बाबांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, धूड शेडमागे धुवायला लावलंय. तिसऱ्या दिवशी पहाटे झाडवाल्याने यंत्र परत आणून लावलं, धडधाकट. थोरलीने चाकांवरून हात फिरवला. टायर जसेच्या तसे. तिला इतकं हलकं वाटलं की आंघोळीच्या वेळी ती गुणगुणायला लागली. धाकटी बाहेरून म्हणाली, "ताई, आज काय झालंय तुला?"

फुल्या पुन्हा काढायच्या राहिल्या. राहिल्या म्हणजे, तिने काढल्या नाहीत. चांगल्या टायरवर फुली कशाला, असं तिने स्वतःला समजावलं. मास्तर रोज तिथून जायचे, पण धूड शेडमागे तोंड भिंतीकडे करून उभं होतं, आणि त्यांचं लक्ष तेव्हा नव्या टायरच्या यादीत होतं.

चार दिवसांनी झाडवाल्याचा पुन्हा निरोप आला. या वेळी तो बाबांना मिळाला. थोरली वरती कपडे वाळत घालत होती. जीप सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून तिने खाली वाकून पाहिलं, तर बाबा स्वतः गाडी चालवत फाटकातून बाहेर पडत होते, आणि मागे ते धूड हिंदकळत चाललं होतं. चाकांवर फुली नव्हती, म्हणून बाबांनी बिनधास्त जोडलं होतं.

तिच्या हातात ओला सदरा होता. ओरडली असती तर बाबांना ऐकू गेलं असतं. फाटकापाशी जीप अजून थांबलेली होती, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत. थोरलीने तोंड उघडलं. मग वाटलं, ओरडून काय सांगणार? फुली मी पुसली? दोन दिवस नीट चाललं, आज एका फेरीने काय होतंय? तिने तोंड मिटलं. जीप वळली आणि दिसेनाशी झाली. बाबा गाडी चालवताना फोन घरीच ठेवत, तसा तो टेबलावरच होता.

तासाभराने लाँड्रीवाल्याचा फोन आला. उताराच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं. धुडाचा डावा टायर उतारावर फुटला, यंत्र आडवं फिरलं, त्याने जीपला ओढलं आणि दोन्ही जाऊन लाँड्रीच्या विटांच्या कुंपणाला भिडली. कुंपण पडलं. रस्त्यात कुणी नव्हतं हे नशीब. बाबांचं उजवं मनगट मोडलं होतं.

थोरली आणि मास्तर धावत गेले. बाबा फुटपाथवर बसले होते, हात पोटाशी धरून, तोंड राखेसारखं. मास्तर आधी त्यांच्यापाशी बसले, पाणी पाजलं, रिक्षा बोलावली. मग ते यंत्राकडे गेले. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. मास्तरांनी उजव्या, शाबूत चाकावरून बोट फिरवलं. टायरवरच्या उठावदार अक्षरांच्या खाचांत पांढरा खडू अजून अडकून होता. त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं. एकदाच. मग बोट पँटला पुसलं.

संध्याकाळी बाबा प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून जेवायला बसले. धाकटी त्यांना भरवत होती.

"मास्तर," बाबा म्हणाले, "ते यंत्र यादीत होतं की नाही?"

"होतं."

"मग फुली का नव्हती?"

मास्तर ताटात भाकरी मोडत होते. "वहीत लिहिलं होतं. चाकावर काढायची राहिली असेल माझ्याकडून."

"राहिली असेल?" बाबांचा आवाज चढला. "ज्याच्या भरवशावर मी डोळे झाकून गाडी जोडली, त्याची फुली राहते? त्या कुंपणाच्या जागी कुणाचं पोर असतं म्हणजे? नुसती वही सांभाळून आवार चालत नसतं!"

हेच ऐकायला थोरली एक महिना तहानलेली होती. आणि खोटं कशाला सांगायचं, पहिले दोन घास तिला गोड लागले. तिसरा तिने ताटातच ठेवला. धाकटीने भरवायचा हात थांबवला होता आणि ती नवऱ्याकडे बघत होती. असं कसं केलंत तुम्ही, असा चेहरा होता तिचा. म्हणजे मास्तरांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा मोठेपणा या माणसाकडे मागितला होता कुणी? पुसलेली फुली ओळखायची यानेच, चूक पोटात घालायचीही यानेच! तिच्या वाट्याला धड अपराधसुद्धा येऊ द्यायचा नाही म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मास्तरांना शेडमध्ये गाठलं.

"का नाही सांगितलंत बाबांना? तुम्हाला कळलं होतं."

मास्तर फुटका टायर रिमवरून काढायची खटपट करत होते. टायर उचकटायची लोखंडी पट्टी निसटत होती, टायर हलत नव्हता. ते थांबले. "सांगून काय झालं असतं, ताई? लेकीची चुगली करणारा जावई झालो असतो. त्यापेक्षा विसराळू जावई बरा. या घरात मला अजून किती दिवस काढायचेत कुणास ठाऊक."

तिला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं, ते काहीतरी उदात्त बोलतील आणि मग तिला आणखी चिडता येईल.

"आणि खरं सांगू का," मास्तर घाम पुसत म्हणाले, "मलाही तुमचा राग यायचा. आज नव्हे, पंधरा वर्षं. लग्न झाल्यापासून. घरात नळ गळो, मिक्सर बिघडो, दाराची कडी अडको, तुमची बहीण म्हणायची, ताई असती तर पाच मिनिटांत केलं असतं. मी तांत्रिक शाळेतला मास्तर, आणि माझ्या घरात ताईचं नाव! इथे आलो तेव्हा मनात म्हटलं, बघू या तरी ताईला काय काय येत नाही. टायरचे आकडे तुम्हाला माहीत नाहीत हे कळलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की विचारू नका."

थोरलीने त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली. "अशी नाही धरायची. आधी समोरची कड पायाने दाबा, रिमच्या खोलगट भागात. मग इकडून उचला." टायर फटकन सुटला.

"बघा," मास्तर म्हणाले. "हेच."

ती तशीच वर गेली. बाबा आरामखुर्चीत डाव्या हाताने रेडिओचं बटण फिरवत होते.

"बाबा, फुली मास्तरांनी काढली होती. मी पुसली. झाडवाल्याला यंत्र द्यायचं होतं म्हणून. आणि तुम्ही ते घेऊन निघालात, तेव्हा मी वरून बघितलं होतं. हाक मारली नाही."

हे सगळं तिने पश्चात्तापाने सांगितलं असं म्हणावं, तर ते पूर्ण खरं नाही. मास्तर आपल्यापेक्षा चांगले ठरतायत हे तिला सोसवत नव्हतं, हेही त्यात होतं.

बाबांनी रेडिओ बंद केला.

"फडकं ओलं होतं की कोरडं?"

"काय?"

"पुसलंस ते फडकं."

"ओलं."

"म्हणजे नळापर्यंत गेलीस, भिजवलंस, पिळलंस, परत आलीस." बाबा म्हणाले. "तेवढ्यात विचार करायला वेळ होता."

ते आता थेट तिच्याकडे बघत होते.

"का गं?"

"वीस वर्षं डोळस माणूस शोधत होतात म्हणालात."

बाबांना आधी आठवेचना. मग आठवलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि एका हाताने तो सदऱ्याला पुसायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला. तुला मी खूप मानतो वगैरे काही ते म्हणाले नाहीत. "मास्तरांची माफी मागायला लागेल मला," एवढंच बोलले. "आणि लाँड्रीवाल्याचं कुंपण तू बांधून देशील. स्वतः. गवंडी लावायचा नाही."

पुढचे नऊ दिवस बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिने कुंपण बांधलं. विटा तिला कधी नीट लावता आल्या नव्हत्या. लाँड्रीवाला इस्त्री करता करता दारात येऊन "ओळंबा धरा, ओळंबा," म्हणून सांगायचा. तीही ऐकून घ्यायची.

आवारातलं काम मात्र कुणासाठी थांबण्यासारखं नव्हतं. नवे टायर आले. या वेळी दुकानात थोरली गेली, आणि प्रत्येक टायर उजेडात फिरवून चार आकडे वाचल्याशिवाय तिने एकालाही हात लावू दिला नाही. तीन परत केले. दुकानदार कुरकुरला, तेव्हा म्हणाली, "मला ताजे हवेत. शिळे तुम्ही ठेवा." ओढायच्या यंत्रांना लागतात ते जाड बाजूचेच टायर घेतले. एका आसाचे दोन्ही टायर एकदमच बदलायचे, एक नवा आणि एक जुना चालायचा नाही, हे मास्तरांनी सांगितलं आणि तिने मान्य केलं. मास्तर वजन आणि हवेचा दाब वहीत बघून सांगायचे, थोरली चढवायची. नट घट्ट करताना समोरासमोरचे घ्यायचे हे मास्तरांना पुस्तकातून ठाऊक होतं. पण दोनदा त्यांनी नट जास्त पिळून आटे मारले आणि तिसऱ्यांदा थोरलीने पाना काढून घेतला.

जे टायर अजून तरुण होते, ते टिकवायची वेगळी खटपट. जी यंत्रं महिनोन्‌महिने हलत नाहीत, त्यांचे आस जाड लाकडी ठोकळ्यांवर उचलले, म्हणजे चाकांवर भार नको. बाकीच्यांच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि दर पंधरा दिवसांनी ती हातभर पुढेमागे ढकलायची ठरलं. एकाच बाजूवर टायर बसला की तिथे चपटा होतो. धाकटीने जुन्या ताडपत्रीची टोपरी शिवली, चाकांना उन्हापासून झाकायला. चोपन्न टोपरी. "बाळंतिणीच्या घरासारखं दिसतंय आवार," ती म्हणाली, आणि थोरलीला कित्येक दिवसांनी खरं हसू आलं.

जुनं इंजिन तेल चोळणं तिने बंद केलं. तरी एकदा मास्तर बघत नाहीत असं पाहून तिने एका टायरला थोडंसं लावून बघितलं. पंधरा दिवसांत तिथलं रबर मऊ, चिकट झालं. तिने साबणाने धुऊन टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही.

मत्सर गेला असं मात्र नव्हे. बाबा अजूनही दुपारी ठोकळ्यावर बसून जावयाशी गप्पा मारायचे आणि थोरलीला ते अजूनही बोचायचं. फरक इतकाच पडला, की आता ती पाना खाली ठेवून तिथे जाऊन बसायची. पहिल्या दिवशी दोघं गप्पच झाले. मग बाबांनी आपला पेला तिच्याकडे सरकवला. "साखर जास्त झालीय, बघ." बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

चार महिन्यांनी मास्तरांना नोकरी मिळाली. लांबच्या एका शाळेत, लेथ आणि जोडणी दोन्ही शिकवायचं, राहायला घर. घरात सगळ्यांना आनंद झाला. थोरलीलाही व्हायला हवा होता. खोली परत मिळणार होती, खुंटी परत मिळणार होती. पण ती दिवसभर तोंड पाडून हिंडत होती, आणि कारण तिचं तिलाच सापडत नव्हतं.

त्यांचं सामान तिनेच उघड्या ट्रेलरवर लादलं आणि जीपने सोडायला गेली. शाळेची कार्यशाळा लांबलचक होती. खिडक्यांतून ऊन आलेलं, दहा लेथ, भिंतीला नवे कोरे पाने आकाराने टांगलेले. तिथले शिक्षक मास्तरांना बघायला जमले. "सर, या. सर, तुमची जागा ही. सर, तुमच्याबद्दल ऐकलंय." मास्तर लाजत होते, खिशातली वही चाचपत होते. कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं आणि ते लगेच उकिडवे बसून यंत्राखाली काहीतरी दाखवायला लागले. आवारात बसायचे तसेच. थोरली दारात उभी राहून बघत होती. ती निघाली आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. धाकटीनेच येऊन मिठी मारली.

"ताई, नळ गळला तर फोन करेन हं."

"त्यांनाच सांग," थोरली म्हणाली. "त्यांना येतं सगळं."

रिकामा ट्रेलर ओढत ती घरी पोचली तेव्हा बाबा फाटकापाशी उभे होते. त्यांचं मनगट आता बरं झालं होतं, पण गार हवेत दुखायचं.

"कशी आहे शाळा?"

"मोठी आहे. सगळे त्यांना सर म्हणतात. वीस-पंचवीस माणसं गराडा घालून होती."

बाबांनी ट्रेलरची कडी सोडवायला हात लावला. "जळलीस?"

"थोडीशी," थोरली म्हणाली.

"मीही," बाबा म्हणाले. "चल, त्या बाजूने धर. एकट्याने नाही हलायचा हा आता."